प्रॉपर्टी कार्डावरची भावंडं

भांडण अंकलांकडे येतं ते बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतून. पिशवीत आजोबांच्या नावाचं प्रॉपर्टी कार्ड, तीन-चार मृत्यूचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, विजेचं बिल आणि कधीकधी फुलस्केप कागदावर हाताने लिहिलेलं, साक्षीदार नसलेलं मृत्युपत्र. फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत अंकलांनी उमेदीची सगळी वर्षं कारकून म्हणून काढली. निवृत्त झाल्यापासून ते अंधेरीच्या आपल्या गावठाणात लोकांचे कागद लावून देतात. सिटी सर्व्हेच्या ऑफिसात वारसांची नावं चढवायला काय काय लागतं, मस्कतला असलेल्या भावाकडून मुखत्यारपत्र कसं करून आणायचं, दुय्यम निबंधकापुढे कोणाकोणाला हजर राहावं लागतं, हे ते समजावून सांगतात. पैसे घेत नाहीत. संध्याकाळी हेच अंकल गल्लीतल्या ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत शुभवर्तमानाचा उतारा वाचतात. समोर बसलेली माणसं पुष्कळदा तीच असतात, सकाळी पिशवी घेऊन आलेली.

क्षमेवर आणि आज्ञापालनावर प्रवचनं भरपूर होतात. ती प्रवचनं ऐकून घरी गेलेला माणूस भावाच्या दारावरून जाताना काय करतो, हे रोज पाहणारे मात्र थोडे. अंकल त्यांतले एक.

अंधेरीच्या या गावांची मुळं खोल आहेत. सीप्झ या निर्यात-उद्योग क्षेत्राच्या कुंपणाआड संत योहान बाप्तिस्ताच्या देवळाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. जेझुइट धर्मगुरूंनी १५७९ साली ते बांधलं आणि १८४०च्या सुमाराला साथीच्या रोगामुळे ते ओस पडलं. पश्चिमेकडचं आंबोलीचं संत ब्लेझ चर्च १५८८चं. साष्टीतल्या या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेऊन १८८७मध्ये आपली संघटना काढली. पुढे भातखाचरं गेली, विहिरी बुजल्या, १९७३ साली सीप्झ आलं, मग टॉवर आले, मेट्रो आली. गावठाणातलं कौलारू घर त्याच जागी राहिलं. घराखालच्या जमिनीची किंमत मात्र अशी वाढली, की सात पिढ्यांनी मिळून कमावलं नसेल तेवढं एका सहीवर येऊन ठेपलं. पूर्वीचा अबोला सणाला मिटायचा. आताचा अबोला कोर्टाच्या तारखांवर चालतो.

लोक पिशवी टेबलावर ठेवतात आणि पहिलं वाक्य म्हणतात, "अंकल, तुम्हीच सांगा कोणाचं बरोबर आहे ते." अंकल सांगत नाहीत. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात असाच एक माणूस गर्दीतून पुढे येतो आणि आपल्या भावाला वडिलांच्या मालमत्तेची वाटणी करायला लावा, अशी गळ येशूला घालतो. येशू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि लोभाबद्दल बोलायला लागतो. समूहात हा उतारा आला की सगळे जरा गप्प होतात, कारण त्या माणसाचं बरोबर होतं की चूक, हे तिथे कुठेच लिहिलेलं नाही. कदाचित त्याचा हिस्सा खरोखरच अडवलेला असेल.

कायदा काय म्हणतो ते मात्र अंकल स्पष्ट सांगतात. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेतला एक तृतीयांश हिस्सा विधवेचा आणि उरलेला सगळ्या मुलांचा. त्यात मुलगा आणि मुलगी समान. लग्न झालेली मुलगीही आली, गावाबाहेर गेलेली आली, सासरी सुखात असलेलीही आली. एवढं सांगितलं की समोरच्या चेहऱ्यांवर काय उमटतं, त्यावरून घरात कोणाला कधी बोलावलंच गेलं नव्हतं ते अंकलांना कळतं.

मरोळमधल्या दोन भावांचं प्रकरण अंकल अजून विसरलेले नाहीत. थोरला तळमजल्यावर, धाकटा वर. जिना एक, पाण्याची मोटर एक. थोरल्याने एका बिल्डरकडून संपूर्ण घराच्या संमतीपोटी आगाऊ रक्कम घेतली होती आणि धाकट्याला ती कळली बिल्डरच्या माणसाकडून. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. मोटर चालू करायची असली तरी निरोप मुलांमार्फत जायचा. आणि दोघंही दर रविवारी एकाच मिस्साला. आपल्याकडे शांतीच्या अभिवादनाला हातात हात न देता नमस्कार करतात. मान जरा दुसरीकडे वळवली की झालं. ते दोघं बाकांच्या दोन बाजूंना उभे राहून दोन वेगळ्या दिशांना हात जोडायचे आणि मग एकाच रांगेतून ख्रिस्तशरीर घ्यायला जायचे. मत्तयच्या पाचव्या अध्यायातली आज्ञा दोघांना पाठ होती: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. ती आज्ञा किती अवघड आहे हे चर्चच्या दारापासून घराच्या जिन्यापर्यंतच्या दहा मिनिटांत कळतं.

अंकलांनी धाकट्याला एकच विचारलं. तू हे त्याला स्वतः तोंडावर सांगितलंस का?

नव्हतं सांगितलं. सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं, फादरांना सांगून झालं होतं, वकिलाला फी देऊन सांगून झालं होतं. भावाला सांगायचं राहिलं होतं. मत्तयच्याच अठराव्या अध्यायात या बाबतीत क्रम घालून दिला आहे: पहिल्यांदा तू आणि तो, दोघंच; ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार; त्यानंतरच मंडळी. अंकलांच्या पाहण्यात जवळजवळ प्रत्येक घर हा क्रम उलटा चालवतं. आधी मंडळी, मग साक्षीदार, आणि भावाची पाळी कधी येतच नाही. आज्ञापालन म्हटलं की माणसं उपवास, नोव्हेना, तीर्थयात्रा अशा गोष्टींकडे पाहतात. हा क्रम पाळणं हेही आज्ञापालनच आहे, आणि माझ्या मते त्याहून कितीतरी महाग पडणारं.

धाकटा एका संध्याकाळी खाली गेला. काय बोलणं झालं ते अंकलांना ठाऊक नाही, त्यांनी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी थोरला आला आणि त्याने रक्कम सांगितली. अंकलांनी ती कागदावर लिहिली, खाली तारीख टाकली. किती घेतले, किती खर्च झाले, कशावर झाले, किती उरले. थोरल्याच्या पत्नीच्या ऑपरेशनवर त्यातला मोठा भाग गेला होता, हे धाकट्याला त्या कागदावरून पहिल्यांदा समजलं.

त्याच अठराव्या अध्यायात निर्दय चाकराचा दाखला आहे आणि अंकल तो हिशेबाच्या नजरेने वाचतात. एका चाकराचं राजाला दहा हजार तालांत देणं होतं, त्याच्या सोबत्याचं त्याला शंभर दिनार. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे पहिलं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं, जन्मोजन्मी न फिटणारं. प्रवचनांत दुसरं कर्ज क्षुल्लक म्हणून सोडून दिलं जातं. पण शंभर दिवसांची मजुरी क्षुल्लक नसते. तीन महिन्यांहून जास्त घर चालतं तेवढ्यात. दाखल्यात राजा आधी हिशेब मांडतो आणि मगच सोडतो. आकडा न लिहिता केलेली माफी ही बहुतेक वेळा नुसती टाळाटाळ असते आणि पुढच्या पिढीत ती व्याजासकट वर येते, असं अंकल म्हणतात. त्यांनी ते घडताना पाहिलं आहे.

धाकट्याने मुद्दल सोडलं नाही. त्याने व्याज सोडलं आणि लपवल्याबद्दलची तक्रार सोडली. थोरल्याने हप्त्यांनी पैसे फेडले. दोघं आज गळ्यात गळे घालून फिरत नाहीत. मोटरबद्दल बोलतात, आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साची वेळ ठरवतात, नाताळला एकमेकांकडे फराळ पाठवतात. ही क्षमा अपुरी आहे असं म्हणणारे भेटतील. मला ती पुरी वाटते, कारण ती रोज नव्याने करावी लागते आणि ते ती करतात.

डच लेखिका कोरी टेन बूम यांचा अनुभव अंकल समूहात अनेकदा सांगतात. नाझींपासून ज्यूंना लपवल्याबद्दल त्यांना रावेन्सब्रुकच्या छळछावणीत टाकलं होतं. त्यांची बहीण बेट्सी १९४४च्या डिसेंबरात तिथेच गेली. १९४७मध्ये म्युनिकला क्षमेवर भाषण केल्यानंतर त्याच छावणीतला एक पहारेकरी त्यांच्यापुढे आला आणि त्याने क्षमा मागत हात पुढे केला. टेन बूम यांच्या मनात तेव्हा प्रेमाचा लवलेश नव्हता. हात उचलणं तेवढं आपल्या हातात आहे, एवढ्या जाणिवेने त्यांनी तो उचलला. भावना नंतर आली. मरोळचा तो धाकटा भाऊ जिना उतरला तेव्हा त्याच्याही मनात राग होताच. पाय मात्र उतरले.

आता दुसरी बाजू, आणि हे लिहिताना मन शांत ठेवणं कठीण जातं.

आयसी कॉलनीत राहणारी एक बाई एकदा अंकलांकडे आली. माहेर मुलुंडचं. आई गेल्यानंतर भावांनी तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला होता. तिने वाचायला मागितला, तेव्हा मोठा भाऊ म्हणाला, आईची इच्छा होती. आईबापांचा मान राखावा ही देवाची आज्ञा आहे ना? भावजय म्हणाली, जुनं सगळं विसर, ताई, ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी. तिने काय विसरायचं होतं? आईच्या शेवटच्या आजारपणात रात्री जागणारी तीच होती, दवाखान्याची बिलंही तिनेच भरली होती, आणि त्याबद्दल तिने कधी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. आता तिच्याच हिश्शावर पाणी सोडायला सांगताना आज्ञा आणि क्षमा हे दोन्ही शब्द तिच्या अंगावर फेकले गेले.

अंकलांनी तिला मसुद्याची एक प्रत आधी ताब्यात घ्यायला सांगितलं. सही तुझी आहे, म्हणाले, आणि ती धाकाने काढून घेता येत नाही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर आपल्या एकटीच्या मर्जीने रद्द करता येत नाही, हेही समजावलं. तिने सही केली नाही. भावांनी काही काळ येणंजाणं तोडलं. ती मात्र आईच्या पुण्यतिथीला जात राहिली, भाच्यांच्या वाढदिवसाला जात राहिली. क्षमा तिने केली होतीच. हिस्सा सोडला नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिच्या भावांना समजायला वेळ लागला. अखेर वाटणीच्या कागदावर तिचं नाव आलं.

ज्याच्याकडून चूक झाली त्याला क्षमा मागता येते. ती वसूल करण्याचा अधिकार त्याला नाही. जक्कयच्या घरी येशू गेला तेव्हा त्या जकातदाराने नुसती माफी मागितली नाही. ज्यांना फसवलं होतं त्यांना चौपट परत करायची तयारी दाखवली. क्षमेची शिकवण दुखावलेल्या माणसालाच द्यायची आणि परतफेडीचं नाव काढायचं नाही, ही सवय आपल्या कुटुंबांत, आणि खेदाने म्हणावं लागतं की काही व्यासपीठांवरही, फार रुजली आहे. केरळमध्ये त्रावणकोरच्या १९१६च्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या हिश्शाच्या चौथाईइतकं किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल तेवढंच मिळायचं. मेरी रॉय सख्ख्या भावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली समान हक्काचा निकाल आला. भावाला कोर्टात खेचणारी बहीण म्हणून त्यांची निंदा करणाऱ्यांनी तो कायदा इतकी वर्षं निमूटपणे चालवून घेतला होता.

घरच्या कर्त्या पुरुषाच्या मागून चालणं म्हणजे देवाची आज्ञा पाळणं नव्हे, हे मराठी ख्रिस्ती समाजाला तरी वेगळं सांगायला नको. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या पाठोपाठ गेल्या नाहीत. त्या दुखावल्या, दूर राहिल्या, परत आल्या, आणि स्वतःला पटलं तेव्हा, सुमारे पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी नवऱ्याचा एकही दोष झाकलेला नाही आणि त्याच्यावर कुठे डूखही धरलेला नाही.

समूहाच्या बैठकीत क्षमेचा विषय निघाला की कोणीतरी सिस्टर राणी मारिया यांचं नाव काढतं. केरळमधून आलेल्या या धर्मभगिनी इंदूरजवळच्या आदिवासींना सावकारी पाशातून सोडवत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून जाताना समंदर सिंह याने त्यांना भोसकून मारलं. ज्यांचे हितसंबंध दुखावले होते त्यांनी त्याला पुढे केलं होतं. राणी मारिया यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ साली तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. २००६मध्ये तो सुटला आणि पुढे केरळमध्ये त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांची क्षमा मागून आला. २०१७च्या नोव्हेंबरात राणी मारिया यांना इंदूरमध्ये धन्यवादित घोषित केलं गेलं. ग्लॅडिस स्टेन्स यांचं नावही निघतंच. जानेवारी १९९९मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि दहा व सहा वर्षांची दोन मुलं गाडीत जाळून मारली गेली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं, बारीपदाच्या कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली आणि २००५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एकदा एक बाई म्हणाल्या, "अंकल, ते संत. आमचं भांडण नळाच्या पाण्यावरून आहे." त्यावर अंकलांनी दिलेलं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. समंदर सिंह अकरा वर्षं तुरुंगात होता. स्टेन्स खटल्यातल्या मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये कायम केली. क्षमा झाली म्हणून खटला मागे घेतला गेला नाही, आणि खटला चालला म्हणून क्षमा खोटी ठरली नाही. नळाच्या पाण्यालाही तेच लागू आहे. पाण्याच्या वेळा भिंतीवर लिहून लावा, आणि शेजारणीला सलामही करा.

लूकच्या सतराव्या अध्यायात क्षमा आणि आज्ञापालन या दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात. दिवसातून सात वेळा अपराध करून सात वेळा पश्चात्ताप झाला म्हणत आलेल्याला क्षमा करा, असं येशू सांगतो. शिष्य घाबरून जातात आणि म्हणतात, आमचा विश्वास वाढवा. त्यांना उत्तर मिळतं ते शेतावरून दमून आलेल्या चाकराचं, जो घरी येऊनही सांगितलेलं काम करतो आणि त्यात विशेष काही केलं असं मानत नाही. ही शिकवण अंकलांना दुय्यम निबंधकाच्या बाकड्यावर बसून नीट समजली. तिथे नंबर लागेपर्यंत ताटकळत बसलेली भावंडं एकमेकांकडे पाहत नाहीत; तरी आलेली असतात. विश्वास मोठा झाल्यावर येऊ, असं म्हणून घरी बसलेली माणसं त्या बाकड्यापर्यंत कधी पोचत नाहीत.

सगळीच प्रकरणं सुटतात असं नाही. घाटकोपरला नगर जिल्ह्यातून आलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबाची दोन खोल्यांची जागा होती. चुलत्या-पुतण्यांचं वैर इतकं विकोपाला गेलं, की इमारतीच्या दुरुस्तीच्या वेळीही सह्या झाल्या नाहीत आणि ती महापालिकेच्या अतिधोकादायक, म्हणजे सी-वन, यादीत आल्यावर पुनर्विकासाच्या वेळीही नाहीत. पावसाळ्याआधी पाणी आणि वीज तोडली गेली. दोन्ही बिऱ्हाडं भाड्याच्या घरात गेली, एक मुलुंडला, एक कल्याणला. चुलते भाड्याच्या घरातच वारले. पुतण्या मयताला आला, मागे उभा राहिला आणि माती देऊन गेला. अंकलांनी त्या घरी किती चकरा मारल्या, त्यांनाही आठवत नाही. त्या प्रकरणाबद्दल विचारलं की ते फक्त मान हलवतात.

म्हणून हल्ली ते भांडणाची पिशवी येण्याची वाट पाहत नाहीत. आईवडील हयात असतानाच घरोघर जाऊन सांगतात, आणि वाचकांनाही त्यांचं तेच सांगणं आहे. प्रॉपर्टी कार्ड काढून पाहा आणि ज्यांची नावं नाहीत त्यांची चढवा. मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार घ्या, पण ज्याला काही द्यायचं आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीला घेऊ नका. घेतलंत तर त्याला दिलेला भाग रद्द होतो. ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र करून नंतर लग्न केलं, तर ते मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. नवं करावं लागतं. भावाकडून काही घेतलं असेल तर रक्कम स्वतः तोंडाने सांगा, त्याने विचारायच्या आधी. आणि वाटणीचं बोलणं असेल त्या दिवशी मुलींना बोलवा, मुलांच्या समोर बसवा, आणि कागद त्यांच्या हातात द्या.